दस्तरखानावरचे बारा प्रश्न

गेल्या वर्षी नोव्हेंबरमधल्या एका रात्री दीड वाजता मी अंगावर शाल घेऊन स्वयंपाकघरात बसले होते. मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. घरातले सगळे झोपले होते. पलीकडे न्यू जर्सीत गुरुवारच्या दुपारचे तीन वाजत होते आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी पाहुणे यायला लागले होते. चौदा माणसांचं जेवण आणि जेवणासोबत प्रश्नमंजूषा. जेवण तिनं केलं होतं, प्रश्न मी काढले होते.

निमित्त होतं थँक्सगिव्हिंगचं. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी हा दिवस पाळतात. सगळ्या देशाला सुट्टी असते, लांब राहणारी मुलं आईवडिलांकडे जातात, टर्की पक्ष्याचं जेवण होतं आणि जेवायला बसलेला प्रत्येक जण आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगतो. आपल्यापैकी पुष्कळांचे भाऊ, बहिणी, मुलं तिकडे आहेत. त्यांच्या मुलांच्या शाळेत हा दिवस असतो, शेजारी बोलावतात, ऑफिसात विचारतात. मुस्लिम घरांनी त्यात किती भाग घ्यावा यावर आलिमांची मतं एक नाहीत, आणि तो निर्णय ज्याच्या त्याच्या घरानं विचारपूर्वक घ्यावा. माझ्या बहिणीच्या घरानं तो का घेतला, एवढंच मी सांगते.

शेजारीण

बहीण लग्न करून तिकडे गेली त्याला बारा वर्षं झाली. पहिल्या हिवाळ्यात तिचे दिवस भरत आले होते आणि मेव्हणे रात्रपाळीला असत. एका सकाळी दाराबाहेर गुडघाभर बर्फ साचला. फावडं घरात नव्हतंच. शेजारची विधवा म्हातारी कोणी न सांगता आली, दारापासून गाडीपर्यंत वाट मोकळी करून गेली, आणि संध्याकाळी भोपळ्याचं सूप घेऊन आली. सूपच्या भांड्यावर चिठ्ठी होती. त्यावर सुपात घातलेल्या प्रत्येक वस्तूचं नाव लिहिलं होतं. "तुम्ही काय खात नाही हे मला माहीत नाही, म्हणून सगळं लिहिलंय," असं ती म्हणाली.

तेव्हापासून दर वर्षी थँक्सगिव्हिंगचं जेवण तिच्याकडेच. टर्की ती हलाल दुकानातून आणायची. पावाचे तुकडे, कांदा आणि मसाल्याची पानं घालून जे स्टफिंग करतात, ते ती वेगळ्या भांड्यात, भाज्यांच्या पाण्यात करायची आणि त्यावर माझ्या बहिणीच्या नावाची चिठ्ठी लावायची. पायच्या पारीत चरबी असते म्हणून तिच्याकडे पारी लोण्याची. अकरा वर्षं हे चाललं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात म्हातारीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. ओट्यापाशी उभं राहणं बंद. ऑक्टोबरमध्ये बहिणीचा फोन आला, "आपा, या वर्षी जेवण आमच्याकडे. तिच्या मुलाचं कुटुंबही येणार आहे. ते आम्हाला नीट ओळखत नाहीत. नुसतं जेवायला बसले तर सगळे आपापल्या ताटात बघत बसतील. काहीतरी सुचव."

मला सुचण्यासारखी एकच गोष्ट होती. मी शाळेत गेली अठरा वर्षं प्रश्नपत्रिका काढते.

तयारी

आधी स्वयंपाकाचं सांगते, कारण तिकडच्या लेकीसुनांना त्याचा उपयोग होईल.

टर्की बारा पौंडांची, म्हणजे साधारण साडेपाच किलोची. हलाल दुकानात तीन आठवडे आधी नोंदवली होती, कारण शेवटच्या आठवड्यात मिळत नाही. ती गोठलेली येते. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून बर्फ सुटायला दर चार-पाच पौंडांना एक दिवस लागतो, म्हणजे बारा पौंडांना तीन दिवस. ओट्यावर ठेवून घाई करू नये, मांस बाहेरून खराब होतं आणि आत बर्फ तसाच राहतो. बहिणीनं आदल्या रात्री दही, आलं-लसूण, लाल तिखट आणि लोणी कालवून कातडीच्या आत हातानं चोळलं. ओव्हनमध्ये ३२५ अंश फॅरनहाइटला साडेतीन तास. झालं की नाही ते रंगावरून ठरवू नये. मांडीच्या जाड भागात, हाडाला न लावता, थर्मामीटर खुपसायचा. १६५ अंश, म्हणजे आपले ७४ सेल्सिअस, दिसले की काढायचं.

सोबत बटाट्याचा लगदा, फरसबी, रताळी, क्रॅनबेरीची आंबटगोड चटणी, भोपळ्याचा पाय. रताळ्यांवर तिकडे मार्शमेलो पसरतात, त्यात बहुधा डुकराच्या हाडाकातड्याचं जिलेटिन असतं, म्हणून हलाल मार्शमेलो आणावेत किंवा सरळ गूळ आणि अक्रोड घालावेत. तयार सूप, तयार ग्रेव्ही, तयार पारी, सगळ्यांची लेबलं वाचावीत. आणि या सगळ्याच्या मधोमध आपली बिर्याणी, अम्मीच्या हातची असायची तशी, बटाटा घातलेली.

पाहुणे चौदा. बहिणीचं कुटुंब चौघांचं, शेजारीण, तिचा मुलगा, सून आणि त्यांची दोन कॉलेजात जाणारी मुलं, मेव्हण्यांच्या ऑफिसातलं एक इजिप्शियन जोडपं आणि सांगलीकडचं एक मराठी कुटुंब, नवरा-बायको आणि मुलगा. आम्ही तीन गट ठरवले. नियम एवढाच, की एका घरातली दोन माणसं शक्यतो एका गटात नकोत आणि प्रत्येक गटात एक वडीलधारं माणूस हवं. प्रश्न बारा. जेवणाआधी चार, जेवताना सहा, चहाच्या वेळी दोन. मोबाईल टोपलीत. बक्षीस म्हणून उरलेल्या जेवणाच्या डब्यांची पहिली निवड. तिकडे पाहुण्यांना उरलेलं बांधून देतात, आणि त्या डब्यांवर खरोखर भांडणं होतात असं बहीण म्हणते.

प्रश्न वाचायचं काम दहा वर्षांच्या भाचीकडे होतं. मी मराठीत लिहून पाठवायचे, ती इंग्रजी करायची आणि शाळेच्या वाचनालयात जाऊन माझी उत्तरं तपासायची. तपासायला मी सांगितलं नव्हतं. ते तिनं स्वतःच अंगावर घेतलं.

अकरा प्रश्न

पहिला सोपा. थँक्सगिव्हिंग फक्त अमेरिकेतच असतं का? नाही. कॅनडात ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतं.

दुसरा. ज्या मेजवानीची गोष्ट शाळेत सांगतात ती १६२१ साली, आजच्या मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ इथं झाली. किती दिवस चालली, आणि त्यात जास्त माणसं कोणाची होती? मेजवानी तीन दिवस चालली. मेफ्लॉवर जहाजातून १६२० मध्ये आलेले १०२ प्रवासी होते, त्यातले जवळजवळ निम्मे पहिल्या हिवाळ्यात उपासमारीनं आणि आजारानं गेले. उरले पन्नासेक. आणि त्या भूमीचे मूळ रहिवासी वाम्पनोआग, आपला सरदार मॅसॅसॉइट याच्यासोबत आले ते सुमारे नव्वद. चित्रांत मात्र उलटं दिसतं. टेबलाशी इंग्रज भरपूर आणि कोपऱ्यात पिसं लावलेली दोन-चार माणसं.

तिसरा. त्या किनाऱ्यावर इंग्रजी बोलणारा एक स्थानिक माणूस आधीपासून होता. तो इंग्रजी कुठे शिकला? त्याचं नाव टिस्क्वांटम. १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानानं त्याला फसवून पकडलं आणि गुलाम म्हणून विकायला स्पेनला नेलं. तिथून तो कसाबसा इंग्लंडला पोचला, तिथं भाषा शिकला आणि १६१९ मध्ये गावी परतला. गाव रिकामं होतं. मधल्या वर्षांत युरोपीयांच्या जहाजांबरोबर आलेल्या साथीनं सगळे मेले होते. पुढच्या वर्षी आलेल्या इंग्रजांनी त्याच रिकाम्या गावच्या जागेवर वस्ती केली, आणि त्यानंच त्यांना मका कसा लावायचा, मुळाशी मासळीचं खत कसं घालायचं ते शिकवलं.

चौथा खास बायकांसाठी. तीन दिवस, दीडशे माणसं. इंग्रजांच्या वस्तीत तेव्हा किती विवाहित बाया जिवंत उरल्या होत्या? चार. रांधणं त्यांच्यावर आणि हाताखालच्या मुलींवर.

पाचव्या प्रश्नावर माझी फजिती झाली. प्रश्न होता, १६२१ च्या जेवणात टर्की होती का? उत्तर मी लिहिलं होतं, "नाही." दोन दिवसांनी भाचीचा निरोप आला, "खाला, हे चूक आहे." एडवर्ड विन्स्लो नावाच्या वसाहतवाल्यानं त्या मेजवानीबद्दल पत्र लिहून ठेवलं आहे. त्यात चार माणसं पक्षी मारायला गेली आणि खूप पक्षी घेऊन आली असं आहे. वाम्पनोआगांनी पाच हरणं आणली हेही आहे. पण कोणते पक्षी ते लिहिलेलं नाही. त्या भागात रानटी टर्की होत्या. "मग 'नाही' कसं लिहायचं? 'सांगता येत नाही' असं लिहायला हवं ना?" मी अठरा वर्षं मुलांना 'योग्य' आणि 'अयोग्य' असे दोनच रकाने देत आले आहे. उत्तर खोडलं आणि तिचं लिहिलं.

सहावा. बटाट्याचा लगदा आणि भोपळ्याचा पाय, यांपैकी काय होतं? दोन्ही नव्हतं. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पण तेव्हा तो प्लिमथला पोचला नव्हता. भोपळा होता, पण पायच्या पारीला लागणारं गव्हाचं पीठ आणि लोणी कुठून आणणार?

सातवा मुलांसाठी. क्रॅनबेरी पाण्यावर का तरंगते? प्रत्येक फळाच्या आत हवेचे छोटे कप्पे असतात. म्हणून तोडणीच्या वेळी शेतात पाणी भरतात, फळं देठापासून सुटून वर येतात आणि सगळं शेत लाल दिसतं.

आठवा, या पक्ष्याचं नाव. इंग्रजीत त्याला तुर्कस्तानाचं नाव. तुर्की भाषेत त्याला म्हणतात 'हिंदी', फ्रेंच नावाचाही अर्थ हिंदुस्थानचा. इजिप्शियन वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडे दीक रूमी," म्हणजे रूमचा कोंबडा. आणि पोर्तुगीजांचा 'पेरू' म्हणजे आपलं फळ नव्हे, हाच पक्षी. अमेरिकेतला पक्षी, पण प्रत्येकानं तो दुसऱ्याच्या देशातून आला असं समजून नाव दिलं.

नववा माझा लाडका. प्लिमथच्या मेजवानीच्या नऊ वर्षं आधी, हिंदुस्थानातल्या कोणत्या बादशाहानं टर्कीचं चित्र काढवून घेतलं? जहांगीर. १६१२ मध्ये त्याचा अमीर मुकर्रब खान गोव्याहून, पोर्तुगीजांच्या बंदरातून, नवलाच्या वस्तू घेऊन आला, त्यात हा पक्षी होता. बादशाह खूश झाला. सरड्यासारखे रंग बदलणारी त्याची मान त्यानं आपल्या आठवणींत वर्णिली आहे. चित्रकार मन्सूरनं काढलेलं ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. आमच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या सरांनाही हे माहीत नव्हतं.

दहावा. समोरच्या बिर्याणीत अमेरिका खंडातून आलेल्या वस्तू कोणत्या? बटाटा, टोमॅटो, मिरची. शेजारणीच्या नातवानं घास तसाच हातात ठेवून विचारलं, "मग मिरची येण्याआधी तुम्ही लोक काय खायचात?" सांगलीचे भाऊ म्हणाले, "मिरी." आणि मका, शेंगदाणा, काजू, सीताफळ, पेरू, हे सगळं तिकडूनच आलं म्हटल्यावर त्यांच्या गटानं आणखी पाच गुण मागितले. दिले नाहीत.

अकरावा चहाबरोबर. लहान मुलांना 'मेरीचं कोकरू' ही इंग्रजी कविता येते. ती लिहिणाऱ्या बाईचा आणि या सुट्टीचा संबंध काय? सेरा हेल. पाच मुलं पदरात असताना विधवा झाली, लेखणीवर घर चालवलं, पुढं एका मोठ्या महिला मासिकाची चाळीस वर्षं संपादक होती. थँक्सगिव्हिंग तेव्हा वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळ्या दिवशी पाळत. सगळ्या देशानं एकाच दिवशी पाळावं म्हणून ती वर्षानुवर्षं राज्यपालांना, अध्यक्षांना पत्रं लिहीत राहिली. १८६३ मध्ये, यादवी युद्ध पेटलेलं असताना, अब्राहम लिंकननं ते मान्य केलं. चौथ्या गुरुवारचा कायदा मात्र १९४१ चा.

बारावा प्रश्न

बाराव्या प्रश्नावरून घरात दहा दिवस वाद चालला.

प्रश्न असा होता, त्या मेजवानीला एकत्र जेवलेल्या माणसांच्या मुलांचं पुढं काय झालं?

उत्तर असं. १६७५ मध्ये वाम्पनोआग आणि इंग्रजांत युद्ध पेटलं. एका बाजूला होता मॅसॅसॉइटचा मुलगा मेटाकॉम. दुसऱ्या बाजूला प्लिमथचा गव्हर्नर होता जोसाया विन्स्लो, म्हणजे मेजवानीचं पत्र लिहिणाऱ्या त्याच विन्स्लोचा मुलगा. जमिनी हळूहळू गेल्या होत्या, तक्रारी साचल्या होत्या. १६७६ मध्ये मेटाकॉम मारला गेला. पकडलेल्या शेकडो लोकांना गुलाम म्हणून विकलं गेलं.

मेव्हणे म्हणाले, "आपा, हा काढा. आपण त्या देशात राहतो. म्हातारीनं आमच्यासाठी इतकं केलं, तिच्या मुलाला पहिल्यांदाच घरी बोलावतोय, आणि जेवायला बसवून तुमच्या पूर्वजांनी काय केलं ते विचारायचं? उद्या म्हणतील, मुसलमानाच्या घरी गेलो तर टोमणे ऐकून आलो."

त्यांचं म्हणणं मला पटत होतं. मेहमानाला ओशाळवाणं करणं ही आपली रीत नाही. मी प्रश्न काढला आणि त्या जागी न्यू यॉर्कच्या मिरवणुकीवरचा एक प्रश्न घातला. ती मिरवणूक १९२४ पासून निघते, मोठे फुगे असतात, कोणाला त्रास नाही.

भाचीनं तो वाचला आणि फोन केला. रडवेली झाली होती. दुसरीत असताना तिनं शाळेच्या नाटकात कागदी पिसं लावून काम केलं होतं. "खाला, मी त्या लोकांचं काम केलं. त्यांचं पुढं काय झालं ते मला कोणी सांगितलं नाही. मी सगळ्यांना मका वाटला आणि नाटक संपलं."

मी त्या रात्री पुन्हा वाचत बसले. १९७० मध्ये मेफ्लॉवरच्या आगमनाला साडेतीनशे वर्षं झाली म्हणून मॅसॅच्युसेट्समध्ये समारंभ ठरला होता आणि वाम्पनोआगांपैकी फ्रँक जेम्स यांना भाषणासाठी बोलावलं होतं. भाषण आधी दाखवा म्हणाले. त्यांनी दाखवलं. ते बदला म्हणाले. त्यांनी बदललं नाही, आणि ते बोललेच नाहीत. त्या वर्षीच्या थँक्सगिव्हिंगला ते आणि त्यांचे सोबती प्लिमथच्या टेकडीवर जमले. तेव्हापासून दर वर्षी त्याच गुरुवारी तिथं लोक जमतात आणि तो दिवस शोकाचा म्हणून पाळतात.

म्हणजे ज्यांनी त्या नवख्यांना जगवलं, त्यांच्या वंशजांनाच मेजवानीत बोलू दिलं नाही. आणि मी घरात बसून तोच प्रश्न खोडत होते. ज्यानं खाऊ घातलं त्याचं नाव घेतल्याशिवाय शुक्र पुरं होत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. नाव घ्यायचं आणि पुढचं गिळून टाकायचं, त्याला शुक्र म्हणता येईल का?

मी मेव्हण्यांना म्हटलं, "प्रश्न राहू द्या. पण तो पाकिटात घाला आणि आधी म्हातारीला विचारा. घरचं मोठं माणूस तीच आहे. ती नको म्हणाली तर मिरवणुकीचा घ्या."

बहीण आदल्या दिवशी विचारायला गेली. म्हातारीनं पाकीट उघडलंच नाही. म्हणाली, "मुलीला वाचू दे."

त्या रात्री

प्रश्न वाचला तेव्हा आमच्याकडे चार वाजून गेले होते. मला कॅमेऱ्यातून टेबलाची एकच बाजू दिसत होती. भाचीनं पाकीट फाडलं, वाचलं, आणि कोणी बोलेना. तिन्ही गटांपैकी एकालाही उत्तर आलं नाही. मग तिनं उत्तर वाचायला घेतलं. मेटाकॉमपर्यंत आली तेव्हा शेजारणीचा मुलगा खुर्ची मागं सारून म्हणाला, "आजच्या दिवशी हे कशाला?" आणि दुसऱ्या खोलीत फुटबॉलचा सामना लावायला गेला. मेव्हण्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, झालं, मी बहिणीच्या घरचा दिवस घालवला.

म्हातारी म्हणाली, "पुढं वाच, बाळ."

भाचीनं शेवटपर्यंत वाचलं. शेवटची ओळ तिनं स्वतः जोडली होती, माझ्या कागदावर ती नव्हती. वाम्पनोआग संपले नाहीत. मॅशपी आणि अक्विना इथले त्यांचे समाज आजही आहेत, सरकारनं मान्य केलेले आहेत, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्यातले लोक क्रॅनबेरीच्या पिकाचा दिवस पाळतात.

म्हातारी जरा वेळानं म्हणाली, की तिनंही शाळेत असताना त्या नाटकात काम केलं होतं. पांढरी कागदी कॉलर लावून, इंग्रजांच्या बाजूनं. पुढची गोष्ट तिला साठी उलटल्यावर कळली. मग तिनं भाचीला विचारलं, "टिस्क्वांटमचं ते पुन्हा वाचशील? रिकाम्या गावाचं?"

त्यानंतर प्रत्येकानं आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगितलं. इजिप्शियन भाई आईच्या तब्येतीबद्दल बोलले. माझी बहीण फक्त एवढंच म्हणाली, "बर्फाच्या फावड्याबद्दल." बाकीच्यांना ते कळलं नाही. म्हातारीला कळलं.

मुलगा थोड्या वेळानं परत आला. त्या विषयावर तो काही बोलला नाही, पण सगळी भांडी त्यानं घासली. जाताना बिर्याणीचा डबा घेतला. त्याचा गट हरला होता, तरी कोणी हटकलं नाही. तो पुढच्या वर्षी येईल की नाही, ते बहिणीला अजून माहीत नाही.

आपल्या घरी

वाचक भगिनींनो, हे थँक्सगिव्हिंगलाच करायचं असं काही नाही. ईद मिलन असो, मुलीच्या सासरची पहिली दावत असो, गावाकडच्या आणि परदेशातल्या मुलांची सुट्टीतली भेट असो, माणसं एकमेकांना ओळखत नसली की प्रश्नमंजूषा कामाला येते. अनुभवावरून तीन गोष्टी सांगते. प्रश्न ताटातल्या वस्तूंवर काढा, म्हणजे न शिकलेल्या आजीलाही उत्तर येतं. उत्तरं एखाद्या मुलाकडून तपासून घ्या, आणि मुलानं चूक दाखवली तर सगळ्यांसमोर मान्य करा. आणि एक प्रश्न असा ठेवा ज्याचं उत्तर सोयीचं नाही, पण तो आधी घरातल्या सगळ्यात मोठ्या पाहुण्याला विचारून.

फोन बंद केला तेव्हा फज्रची वेळ झाली होती. त्या दिवशी जुमा होता, शाळा अर्धीच. सातवीच्या वर्गात मी बिर्याणीचा प्रश्न विचारला. एकानं हात वर करून सांगितलं, "मॅडम, तांदूळ!" दुसऱ्यानं मिरची सांगितली आणि मग पूर्ण तास त्यातच गेला.

दुपारी मेव्हण्यांचा फोन आला. तिकडे मध्यरात्र होती, त्यांना झोप आली नव्हती. म्हणाले, "आपा, पुढच्या वर्षी बारावा प्रश्न ठेवा. फक्त चहाच्या आधी नको, नंतर. मी चहा घेतलाच नाही काल."